घोड्यावरून पडणं, गोळी घेणं आणि खुर्चीवरून बोलणं: अमली पदार्थांच्या धोक्यांबद्दल अधिकाऱ्यांची वक्तव्यं

नीरक्षीर

२० जून २०१२ रोजी अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीसमोर डीईए या अमली पदार्थविरोधी संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख मिशेल लिओनहार्ट यांची साक्ष झाली. खासदार जेरेड पोलिस यांनी त्यांना विचारलं, क्रॅक कोकेन हे गांजापेक्षा प्रकृतीला जास्त घातक आहे का? बाईंचं उत्तर आलं, सगळेच बेकायदा अमली पदार्थ वाईट. मग मेथॲम्फेटामीन गांजापेक्षा घातक आहे का? पुन्हा तेच. हेरॉइन? पुन्हा तेच. शेवटी पोलिस यांनी सांगितलं की हो, नाही किंवा माहीत नाही, यापैकी एक उत्तर द्या. तरीही ते मिळालं नाही. या साक्षीचं चित्रीकरण उपलब्ध आहे. जमलं तर बघा. हेरॉइन गांजापेक्षा घातक आहे, हे एवढं साधं वाक्य देशातल्या सर्वोच्च अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्याच्या तोंडून बाहेर पडत नाही, हे बघताना मला चीड आली आणि भीतीही वाटली.

याच्या तीन वर्षं आधी ब्रिटनमध्ये नेमकं उलट घडलं होतं. तिथे एकाने तुलना केली आणि त्याचं पद गेलं. प्रा. डेव्हिड नट हे अमली पदार्थांवर सरकारला सल्ला देणाऱ्या वैधानिक समितीचे अध्यक्ष होते. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात छोटा लेख लिहिला. त्यात घोडेस्वारीच्या नादाला त्यांनी एखाद्या व्यसनासारखं नाव दिलं आणि त्याचे धोके एक्स्टसी (एमडीएमए) या नशेच्या गोळीशेजारी मांडले. त्यांच्या हिशेबाने घोडेस्वारीत साधारण ३५० खेपांमागे एक गंभीर प्रसंग ओढवतो, एक्स्टसीत १०,००० मागे एक. त्यांचा प्रश्न असा होता, की समाज एका धोक्याला छंद म्हणतो आणि दुसऱ्याला गुन्हा, तर हे आपण कशावरून ठरवतो?

तेव्हाच्या गृहमंत्री जॅकी स्मिथ यांनी फेब्रुवारीत भर सभागृहात नाराजी व्यक्त केली. नट यांनी आपली माफी मागितली आहे आणि एक्स्टसीने बळी घेतलेल्यांच्या कुटुंबीयांचीही त्यांनी मागावी, असं त्या म्हणाल्या. त्याच सुमारास समितीने एक्स्टसीला कायद्यातल्या सर्वांत कडक ‘अ’ वर्गातून सौम्य ‘ब’ वर्गात आणायची शिफारस केली, ती सरकारने फेटाळली. त्याआधी गांजा ‘क’ वर्गातच राहू द्या असं समितीने सांगितलं होतं, पण सरकारने जानेवारी २००९ मध्ये तो ‘ब’ वर्गात चढवला. पुढे नट यांचं एक व्याख्यान छापून आलं. दारू आणि तंबाखू हे एलएसडी, एक्स्टसी आणि गांजापेक्षा जास्त नुकसान करतात, असं त्यात होतं. ३० ऑक्टोबर २००९ रोजी नवे गृहमंत्री ॲलन जॉन्सन यांनी नट यांना पदावरून दूर केलं. पुढच्या काही दिवसांत समितीतल्या आणखी पाच जणांनी राजीनामे दिले.

माझं म्हणणं एवढंच आहे. धोक्याची प्रतवारी सांगायला नकार देणारा अधिकारी कुणाला वाचवत नाही. ‘सगळं सारखंच वाईट’ हे ऐकून वाढलेल्या पोराने एकदा गांजा ओढला आणि त्याला काहीच झालं नाही, की हेरॉइनबद्दल सांगितलेलंही त्याला खोटं वाटू लागतं. आणि हेरॉइनबद्दल सांगितलेलं खरं असतं.

तुम्हाला काय वाटतं? दोन्ही बाजूंनी लिहा.

धूमकेतू

विषय चांगला आहे, पण नट यांना हुतात्मा करायची घाई नको. जॉन्सन यांची बाजूही नीट मांडायला हवी. वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सरळ म्हटलं होतं, की सरकारचा सल्लागार आणि सरकारी धोरणाविरुद्धचा प्रचारक या दोन्ही भूमिका एकाच माणसाला करता येणार नाहीत. माझ्या मतदारसंघात घोड्यावरून पडण्याच्या धोक्यात असलेली मुलं फार नाहीत, व्यसनाच्या खाईत ओढली जाऊ शकणारी हजारो आहेत, असंही ते म्हणाले होते. लोकप्रतिनिधी म्हणून त्यांचं हे म्हणणं मला पटतं. संख्याशास्त्र एका जागी आणि वस्तीतलं वास्तव दुसऱ्या जागी.

शिवाय ज्यांची मुलगी त्या गोळीने गेली त्यांच्या कानावर ‘घोडेस्वारी’ पडली तर काय वाटेल? ज्ञान आहे म्हणून कुठेही काहीही बोलावं असं नसतं.

नीरक्षीर

@धूमकेतू, आई-वडिलांच्या दुःखाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण नट यांचा लेख त्यांना उद्देशून नव्हता. तो संशोधकांसाठी होता आणि धोका मोजायचा कसा हा त्याचा विषय होता.

प्रचारकाच्या मुद्द्यावर मात्र मी अडतो. ब्रिटनचा १९७१ चा कायदा स्वतःच पदार्थांना अ, ब, क असे वर्ग देतो. जवळ बाळगल्याबद्दल ‘अ’ला ७ वर्षांपर्यंत कैद, ‘ब’ला ५, ‘क’ला २. हे वर्ग नुकसानीच्या अंदाजावर पाडायचे आणि तो अंदाज द्यायला समिती नेमायची, अशी त्या कायद्याची रचना आहे. म्हणजे तुलना करणं हेच समितीचं काम होतं.

त्या सुमारास गृहमंत्र्यांशी फोनवर काय बोलणं झालं तेही नट यांनी पुढे सांगितलं आहे. त्यांच्या सांगण्यानुसार मंत्रीबाई म्हणाल्या, कायदेशीर गोष्टीच्या धोक्याची बेकायदा गोष्टीशी तुलना करता येत नाही. का नाही? कारण ती बेकायदा आहे. बेकायदा का आहे? कारण ती धोकादायक आहे. मग किती धोकादायक हे ठरवायला तुलना नको का करायला? तर पुन्हा पहिलं वाक्य, कायदेशीर गोष्टीची बेकायदा गोष्टीशी तुलना करता येत नाही. ही नट यांची एकतर्फी आठवण आहे, हे धरून चालू. तरी २०१२ ची ती साक्ष ऐकली की हा संवाद अजिबात अशक्य वाटत नाही.

कुमुदिनी

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. तुमचा मुद्दा अर्धा पटतो, अर्धा नाही.

आधी न पटलेला सांगते. तुलनेची आकडेवारी आमच्याकडे येणाऱ्या मुलांना तोंडपाठ असते. ‘मॅडम, दारूपेक्षा गांजा कमी घातक, हे मोठ्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय.’ हे वाक्य म्हणणारा मुलगा वर्षभर कॉलेजला गेलेला नसतो, रात्रभर जागा असतो, आणि घरचे आपल्या जेवणात काहीतरी मिसळतात असं त्याला वाटायला लागलेलं असतं. सरासरीत कमी घातक असलेली वस्तू त्या एका मुलाला पुरती मोडू शकते. कमी वयात सुरुवात, रोजचा वापर, जास्त टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) असलेला माल आणि घराण्यात मनोविकार, हे सगळं एकत्र आलं की सायकोसिसचा (भास-भ्रम होणाऱ्या मनोविकाराचा) धोका खराच वाढतो. नट यांनी स्वतः गांजा निरुपद्रवी आहे असं कधीच म्हटलं नाही, पण त्यांच्या बोलण्यातला हा भाग मुलांपर्यंत पोहोचत नाही.

आता पटलेला. ‘सगळं सारखंच’ हे वाक्य जीव घेऊ शकतं आणि त्याची कारणं अगदी साधी आहेत. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, मृत्यूही होऊ शकतो. घरचे चांगल्या हेतूने खोलीला कुलूप लावतात आणि ‘तीन दिवस सोस, सुटेल’ म्हणतात. अशा रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायचं असतं. गर्द (हेरॉइन) घेणाऱ्याचं उलट असतं. गर्द तोडताना तो तडफडतो, उलट्या-जुलाब होतात, हाडं मोडल्यासारखी दुखतात, पण त्या त्रासाने मरण क्वचित येतं. त्याचं मरण पुढे टपलेलं असतं. महिना-दोन महिने बंद राहून तो बाहेर येतो, तोवर शरीराची सवय उतरलेली असते, आणि एका कमजोर संध्याकाळी तो पूर्वीचीच मात्रा घेतो. ती मात्रा आता त्याचा श्वास थांबवायला पुरेशी असते.

कुठल्याही मंत्र्याच्या भाषणात मी हे ऐकलेलं नाही. तुरुंगातून सुटणाऱ्या गर्दच्या रुग्णाला दारातच हे सांगायला हवं.

मात्रा

कुमुदिनीताई, अतिशय महत्त्वाचा प्रतिसाद. औषधशास्त्र शिकवतो म्हणून एक भर घालतो.

१९९५ मध्ये इंग्लंडमध्ये एक मुलगी आपल्या अठराव्या वाढदिवसाला एक्स्टसीची गोळी घेऊन कोमात गेली आणि वारली. तिचा फोटो सगळीकडे झळकला आणि ‘एका गोळीने जीव घेतला’ असा प्रचार झाला. तपासात निघालं ते वेगळं होतं. तिने थोड्या वेळात सुमारे ७ लिटर पाणी प्यायलं होतं. या गोळीने अंग तापतं, म्हणून भरपूर पाणी प्यावं असा सल्ला तेव्हा सर्रास दिला जायचा. पण एमडीएमए शरीरात व्हॅसोप्रेसिन वाढवतं, त्यामुळे लघवी कमी होते आणि पाणी आतच साठतं. रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येते.

गोळी घेतली नसती तर मुलगी वाचली असती, यात शंका नाही. पण ‘गोळी म्हणजे विष’ एवढंच ओरडल्याने तिच्यानंतर गोळी घेणाऱ्या कुणाला काय कळलं? गोळीमुळे तहानेचं आणि लघवीचं तंत्र बिघडतं, ढसाढसा पाणी पिणंही घातक आहे, डोकं दुखून उलट्या आणि गोंधळ सुरू झाला तर लगेच दवाखाना गाठा, ही माहिती जीव वाचवते. ती द्यायची तर ‘काही मुलं गोळी घेणारच’ हे अधिकाऱ्याला मान्य करावं लागतं. तिथेच सगळ्यांची जीभ अडखळते.

रानवाटा

+१ मात्रा आणि कुमुदिनी.

दारू सर्वांत घातक असं म्हणणारा तो २०१० चा अभ्यास कितपत भरवशाचा आहे? त्याचा सगळीकडे दाखला देतात.

मात्रा

@रानवाटा, तो नोव्हेंबर २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नट आणि त्यांचे दोन सहकारी त्याचे लेखक. तज्ज्ञांनी बसून २० पदार्थांना १६ निकषांवर गुण दिले. त्यातले ९ निकष घेणाऱ्याच्या नुकसानीचे आणि ७ इतरांच्या. १०० पैकी दारू ७२, हेरॉइन ५५, क्रॅक ५४, तंबाखू २६, गांजा २०, एक्स्टसी ९.

दोन गोष्टी लक्षात ठेवून तो वाचावा. एक, हे गुण तज्ज्ञांच्या निर्णयाचे आहेत, ते प्रयोगशाळेत मोजलेले नाहीत. दोन, दारू पहिली येण्यामागे तिचा अफाट प्रसार आणि इतरांना होणारी इजा यांचा मोठा वाटा आहे: अपघात, मारहाण, उद्ध्वस्त घरं. फक्त घेणाऱ्याचं नुकसान बघितलं तर क्रॅक, हेरॉइन आणि मेथॲम्फेटामीन दारूच्या पुढे जातात. त्यामुळे ‘दारू प्यायला चालते तर हेरॉइनला का नाही’ असा अर्थ कुणी काढला तर तो सपशेल चुकीचा आहे. टीकाकारांचा आक्षेप असाही आहे, की आज एखादी वस्तू बेकायदा आहे म्हणूनच तिचा प्रसार कमी आणि म्हणून गुण कमी. उद्या ती खुली केली तर हे गुण तसेच राहतील असं नाही. हा आक्षेप मला वजनदार वाटतो.

इतकं सगळं असूनही, हा तक्ता चुकीचा वाटत असेल तर दुसरा करा. तक्ताच नको, ही भूमिका मला मान्य होणार नाही.

वहिवाट

निवृत्त पोलीस अधिकारी आहे. इथल्या चर्चेत पोलिसांची बाजू आलेली नाही, म्हणून लिहितो.

शाळेत तीनशे मुलांसमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं असतं. पुढच्या रांगेत पाचवीची मुलं, मागे दहावीची. तिथे १६ निकष घेऊन बसता येत नाही. ‘हात लावू नका’ एवढंच सांगावं लागतं आणि पाचवीच्या मुलाला तेच सांगायला हवं. शिवाय अधिकाऱ्याने जाहीरपणे ‘अमुक त्यापेक्षा कमी घातक’ म्हटलं, की दुसऱ्या दिवशी मथळा येतो ‘पोलीस म्हणतात अमुक सुरक्षित’. वरून फोन येतो तो वेगळाच. लिओनहार्टबाई का गप्प बसल्या, हे त्या खुर्चीत बसलेल्याला कळतं.

मात्र प्रतवारी सांगूच नये हे मलाही मान्य नाही, कारण आपला एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदाही प्रतवारी करतो. १९८५ च्या मूळ कायद्यात शिक्षा बहुतांशी सरसकट होती. २००१ च्या दुरुस्तीने ती अल्प मात्रा आणि व्यावसायिक मात्रा यांवर ठरू लागली. गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत, व्यावसायिक २० किलोच्या वर. चरसची १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइनची ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. एमडीएमएची अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. पंचनाम्यात वजनाला एवढं महत्त्व असतं, कारण शिक्षा आणि जामीन त्यावर ठरतात. न्यायालयात आम्ही हा फरक रोज मानतो. मग व्याख्यानात तो नाकारून कसं चालेल?

नीरक्षीर

@वहिवाट साहेब, मनापासून आभार. पाचवी आणि दहावीचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच वाटतं की वयोगट वेगळे करून बोलायला हवं. पण लिओनहार्ट पाचवीच्या वर्गात बोलत नव्हत्या. कायदे करणाऱ्यांनी त्यांना विचारलं होतं, आणि पोलिसांचा वेळ आणि पैसा कुठे घालायचा हे त्या उत्तरावर ठरणार होतं. तिथे मौन परवडत नाही.

काजवा

अधिकारी आणि नेते घाबरवतात, त्यातून पुढे कायदे कसे होतात, याचं उदाहरण द्यायला हवं. १९८६ मध्ये अमेरिकेत क्रॅकची प्रचंड धास्ती होती. ते एका झुरक्यात कायमचं गुलाम करतं, असं नेते बोलत होते. निवडणूक तोंडावर होती. संसदेने घाईने कायदा केला: ५ ग्रॅम क्रॅक विकण्यासाठी बाळगलं तर किमान ५ वर्षं, आणि तीच शिक्षा पावडर कोकेनला लागायला ५०० ग्रॅम हवं. प्रमाण १०० ला १. दोन्हींत मूळ द्रव्य एकच, कोकेन. ओढल्यावर क्रॅक झपाट्याने मेंदूत पोहोचतं हे खरं, पण शंभरपट फरकाला शास्त्राचा आधार नव्हता. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांमध्ये बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. २०१० मध्ये हे प्रमाण १८ ला १ वर आणलं. मधल्या २४ वर्षांत किती आयुष्यं तुरुंगात गेली!

१९९० मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीस प्रमुख डॅरिल गेट्स सिनेटच्या समितीपुढे म्हणाले होते, की अधूनमधून नशा करणाऱ्यांना बाहेर काढून गोळ्या घालायला हव्यात. तिथे ते वाक्य बोलण्यापुरतं राहिलं. फिलिपिन्समध्ये राहिलं नाही. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी २०१६ मध्ये हिटलरचं नाव घेऊन, देशातल्या तीस लाख व्यसनींची कत्तल करायला आनंद वाटेल, असं म्हटलं. पुढे टीका झाल्यावर ज्यूंची माफी मागितली, व्यसनींची नाही. सरकारी आकड्यांनुसारच पोलीस कारवायांत ६,००० हून अधिक माणसं मारली गेली. मार्च २०२५ मध्ये त्यांना अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेण्यात आलं.

धूमकेतू

@काजवा, दुतेर्तेंचं समर्थन कुणीच करणार नाही. पण उदाहरणं सगळी एकाच बाजूची येतायत. फेंटानिलबद्दल अधिकाऱ्यांनी आरडाओरडा केला तो योग्यच होता ना? हेरॉइनच्या पन्नासपट तीव्र वस्तू बाजारात आली आहे. तिथेही सावधपणे बोलत बसायचं का?

मात्रा

@धूमकेतू, फेंटानिलबद्दल ओरडायलाच हवं. पण तिथेही काय ओरडलं गेलं ते बघा. २०१६ मध्ये डीईएने पोलिसांसाठी चित्रफीत काढली, तिचा सूर असा होता की थोडंसं अंगाला लागलं किंवा हवेतून नाकात गेलं तरी मराल. त्यानंतर ‘पावडरीला हात लागला आणि पोलीस कोसळला’ अशा बातम्यांची रांग लागली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विषशास्त्रज्ञांच्या दोन संघटनांनी संयुक्त निवेदन काढलं. चुकून त्वचेला लागल्याने फेंटानिलची विषबाधा होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे, असं त्यांनी सांगितलं. फेंटानिलची पट्टी त्वचेतून औषध सोडते, पण ती मुद्दाम तशी बनवलेली असते आणि तिलाही कित्येक तास लागतात.

यात खरा तोटा रस्त्यावर पडलेल्या माणसाचा होतो. त्याचे ओठ निळे पडलेत, श्वास मिनिटाला चार-पाच. त्याला ताबडतोब श्वास आणि नॅलॉक्झोन हे उतारा देणारं औषध हवं. मदतीला आलेला माणूस ‘याला शिवलो तर मी मरेन’ म्हणून हातमोजे, मुखवटा, अंगभर कपडा शोधत बसला तर प्राणवायूविना मेंदूला इजा व्हायला तेवढी मिनिटं पुरतात. घेणाऱ्यासाठी फेंटानिल भयंकर आहे, शिवणाऱ्यासाठी नाही. एवढा फरक सांगायला एक वाक्य पुरतं.

सांजवेळ

भारतातली उदाहरणं हवी होती, ती देते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये राहुल गांधी चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात म्हणाले, की पंजाबात दहापैकी सात तरुणांना अमली पदार्थांची समस्या आहे. त्यावर गदारोळ झाला. २०१५ मध्ये एम्सच्या तज्ज्ञांच्या सहभागाने पंजाबात अफूजन्य पदार्थांचं सर्वेक्षण झालं, त्यात अवलंबित व्यक्तींचा अंदाज सुमारे २ लाख ३२ हजार निघाला. राज्याची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन कोटींच्या आसपास. एका राज्यासाठी हा आकडा अतिशय गंभीर आहे आणि त्यासाठी मोठं काम व्हायलाच हवं होतं. पण दहात सात आणि हा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक. पंजाबी तरुण म्हटलं की नशेडी, हा शिक्का मात्र बसला. विरोधकांनीही आकड्याच्या चुकीचा आधार घेऊन मूळ प्रश्नच नाकारला. फुगवलेल्या आकड्याचं हे दुसरं नुकसान: तो खोडता येतो आणि त्याच्याबरोबर खरं दुखणंही झटकून टाकता येतं.

आता उलट टोक. जुलै २०२२ मध्ये छत्तीसगडमधले भाजपचे आमदार कृष्णमूर्ती बांधी म्हणाले, की बलात्कार, खून, भांडणं दारूमुळे होतात, भांग-गांजा घेणारे असले गुन्हे क्वचितच करतात, म्हणून दारूला पर्याय म्हणून भांग-गांजाकडे कसं जाता येईल याचा विचार व्हावा. मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी उत्तर दिलं, की गांजा खुला करायचा असेल तर केंद्राकडे मागणी करा. दारूने होणाऱ्या हिंसेचा मुद्दा खरा आहे, पण म्हणून लोकांना दुसऱ्या नशेकडे वळवायचं? एकाला एक पर्याय म्हणून माणसं व्यसन बदलत नाहीत, बरेचदा दोन्ही धरतात. कुमुदिनीताई सांगतीलच.

कुमुदिनी

@सांजवेळ, अगदी. दारू आणि गांजा दोन्ही घेणारे आमच्याकडे नेहमी येतात. दारू आणि झोपेच्या गोळ्या हे मिश्रण तर फारच धोक्याचं. कुठल्याही तक्त्यात एकेका पदार्थाचे गुण असतात, माणसं मिसळून घेतात.

आकड्यांवरून सांगते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल प्रसिद्ध केला. १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी. भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के, अफूजन्य पदार्थ २.१ टक्के. मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो उपचारांच्या आकड्याने: दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कुठलातरी उपचार मिळालेला. बेकायदा पदार्थांत रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला २० मागे एक. नेत्यांनी वाद घालायचाच असेल तर या आकड्यावर घालावा. कुठला पदार्थ जास्त वाईट यावर तासभर बोलणारे पुष्कळ भेटतात, जिल्ह्यात उपचारांच्या खाटा किती हे विचारणारा एखादाच.

रानवाटा

हे सगळं वाचून अमली पदार्थ खुले करावेत असा निष्कर्ष निघतोय का? तसा असेल तर माझा विरोध नोंदवते.

नीरक्षीर

@रानवाटा, माझा तरी तसा निष्कर्ष नाही. कायदा कडक ठेवूनही खरं बोलता येतं. हेरॉइनवर कायम बंदी असावी असं मानणाराही ‘हेरॉइन गांजापेक्षा घातक आहे’ हे म्हणू शकतो. किंबहुना त्याने ते जास्त ठामपणे म्हणायला हवं. धोरण ठरवणं मंत्र्याचं काम आहे. समितीचा सल्ला ऐकून, तो का नाकारतोय हे सांगून, त्याने तो खुशाल नाकारावा. ॲलन जॉन्सन तेवढं करून थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. पुरावा मांडणाऱ्यालाच घरी पाठवलं, तिथे माझी हरकत आहे. त्यानंतर समितीत बसणारा प्रत्येक जण बोलण्याआधी मंत्र्याच्या चेहऱ्याकडे बघणार.

वहिवाट साहेबांना एक प्रश्न. वरून येणाऱ्या फोनची भीती नसती, तर दहावीच्या मुलांना तुम्ही काय सांगितलं असतं?

वहिवाट

विचारलंत म्हणून मोकळेपणाने लिहितो.

घेऊ नका, हे पहिलं. तुमच्या वयात मेंदू अजून घडतोय, आणि ज्या गोळीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं ती तोंडात टाकणं म्हणजे जीव अनोळखी माणसाच्या हाती देणं. हे सांगितलं असतं. मग म्हणालो असतो, सगळं सारखं नाही. गर्द आणि सुईचा रस्ता सर्वांत वाईट, त्यातून परत येणारे मी कमी पाहिले. दारू कायदेशीर आहे म्हणून कमी समजू नका, माझ्या नोकरीत रात्रीचे बहुतेक मृतदेह दारूने रस्त्यावर आणलेले होते.

आणि एक गोष्ट मी एकाही कार्यक्रमात सांगितली नाही, कारण ती भाषणाच्या कागदावर कधी नव्हतीच. एनडीपीएसचं कलम ६४-अ. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल, आणि ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार होऊन ते घेत असेल, तर तिला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. पोलिसांच्या भीतीने कित्येक घरं मुलाला लपवून ठेवतात. त्यांना हे कलम माहीत नसतं. आमच्याही सगळ्यांना ते पाठ नसतं.

मित्र बेशुद्ध पडला असेल तर पळू नका, त्याला कुशीवर वळवा, ११२ ला फोन करा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. हे शेवटी सांगितलं असतं.

कुमुदिनी

वहिवाट साहेब, हे जसंच्या तसं पालकसभेत वाचून दाखवायची परवानगी द्याल का? त्याला केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांक जोडेन. ६४-अ बद्दल आमच्या केंद्रात वकिलांकडून अर्जाचा नमुना करून घेतला आहे, कुणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वहिवाट

जरूर वाचा. नमुना मलाही पाठवा, जुन्या सहकाऱ्यांना देतो.